माझ्या वडिलांची बाय

देवीवर माझा विश्वास होता, पण खरं सांगायचं तर रेल्वेच्या वेळापत्रकावर थोडा जास्त होता. सारी नोकरी ग्रंथालयात गेली. सकाळी दिवा लावायचा, आरती म्हणायची आणि मग वही उघडून दिवसाची कामं लिहून काढायची, हा माझा नेम. त्या कामांत देवीने लुडबूड करू नये, अशीच माझी आतून अपेक्षा असावी.

गेल्या वर्षी वडिलांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण बोलणं तुटक झालं, आणि त्या तुटक बोलण्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा यायला लागला. बाय. आम्ही अमरावतीचे, आमच्या घरात अशी हाक कुणीच मारत नाही. हळूहळू उलगडा झाला. वडील पाच वर्षांचे असताना त्यांची आई गेली आणि पालघरकडून त्यांना इकडे वऱ्हाडात दत्तक दिलं गेलं. मोठी बहीण तिकडेच राहिली, तीच बाय. दत्तक घेणाऱ्या आईला वाईट वाटेल म्हणून त्यांनी इतकी वर्षं तिचं नावही काढलं नव्हतं. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. "एकदा दिसू दे," एवढंच म्हणायचे आणि माझ्याकडे बघत राहायचे. ती हयात आहे की नाही हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं. मला रात्रंदिवस एकच धास्ती, आपल्याला उशीर झाला तर?

मग मी प्रवासाची तयारी सुरू केली, आणि तयारी म्हणजे माझा हातखंडा. नकाशा आणला. वडिलांना आठवत होतं ते एवढंच, की घरातून आगगाडीची शिट्टी ऐकू यायची आणि समुद्रही फार लांब नव्हता. त्यावरून गावांची यादी केली, कुठल्या दिवशी कुठलं कार्यालय, कुठली शाळा, सगळं पेन्सिलीने आखलं. तीनच दिवस हाताशी होते. गुडघ्यांचा विचार करून यादीतली शेवटची दोन-चार गावं खोडली, त्यात माकुणसारही गेलं. वहिनी वडिलांपाशी थांबली आणि मी निघाले.

पहिला दिवस पालघरच्या कार्यालयांत गेला. जुनी दप्तरं होती, माणसंही भली होती, पण प्रत्येक जण आधी आडनाव विचारी आणि मी आमचं आडनाव सांगे. ते तर दत्तक घराचं! त्या गावांनी ते कधी ऐकलेलंही नव्हतं, पण माझ्याकडे दुसरं होतं कुठे? दुसऱ्या दिवशी बोईसरहून रिक्षा करून पामला गेले. तिथेही तेच. परतताना रिक्षावाल्याने विचारलं, "माताजी, अब कहाँ?" आणि मला भर रस्त्यात रडू फुटलं. त्याने मुकाट्याने रिक्षा बाजूला घेतली आणि पाण्याची बाटली पुढे केली. त्या दिवशी मी देवीवर मनापासून चिडले. म्हटलं, मी माझ्याकडून काही कमी ठेवलं नाही, तुला काय झालं होतं?

तिसऱ्या दिवशी उमरोळीला जायचं होतं. पालघरहून उत्तरेला, पुढचंच स्टेशन. आणि वेळापत्रक तोंडपाठ असलेली मी चक्क उलट्या दिशेच्या गाडीत जाऊन बसले. केळवे रोड आलं तेव्हा चूक ध्यानात आली. उतरले आणि बाकावर बसून राहिले. परतीची गाडी शोधायला उठावंसंही वाटेना. वही पिशवीत टाकली आणि मनात म्हटलं, आई, माझी अक्कल संपली, आता तू नेशील तिकडे. असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं आणि ते म्हणताना माझ्यात जराही ऐट उरली नव्हती.

शेजारी एक बाई पानांची रिकामी करंडी घेऊन बसली होती. माझ्याच वयाची. तिने विचारलं, "ताई, कुठं जायाचं?" मी म्हटलं, "माहीत नाही." ती हसली. "ठाव नाय तर आमच्या माकुणसारला चला. तोंड सुकलंय तुमचं, वाडीत बसून पाणी प्या." एरवी मी अनोळखी माणसाबरोबर चहासुद्धा घेत नाही. त्या दिवशी निमूटपणे तिच्या मागून टमटममध्ये चढले.

तिची वाडी नागवेलीची होती. दोन्ही बाजूंनी वर चढलेले वेल आणि मधून गारेगार वाट. मी वाटेच्या तोंडाशीच चपला काढल्या. ती थांबली. "तुमाला कुणी सांगितलं, पानवेलीत वहाणा घालून जात नाय ते?" मला कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्या गच्चीवर वडिलांनी कुंडीत एक नागवेल लावली आहे. तिला पाणी घालायला जाताना ते चपला काढत, म्हणून आम्ही मुलंही काढायचो. त्यावरून त्यांची थट्टाही पुष्कळ केली. मी तिला हे सांगितलं आणि मग सांगतच गेले, आई नसलेला पोरगा, वऱ्हाड, बाय, सगळं. तिने मध्ये एकदाही आडनाव विचारलं नाही. ऐकून झाल्यावर फक्त म्हणाली, "तुमी कागदांना विचारत फिरल्या, बायकांना नाय विचारलं. चला."

चार घरं सोडून एका ओट्यावर एक म्हातारी वेल बांधायला केळीची सोपटं सोलत बसली होती. माझ्याबरोबरची बाई तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. म्हातारीचे हात थांबले. माझ्याकडे निरखून बघत तिने एवढंच विचारलं, "अजून डाव्या हातानं जेवतो का?" माझे वडील डावखुरे आहेत. मार खाल्ला, उपाशी राहिले, पण तो हात बदलला नाही. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हमसाहमशी रडले.

वहिनीला फोन लावला, वडिलांचा चेहरा पडद्यावर आला. मग बाय बोलली. "भाऊबीजेला सगल्या सांगायच्या, तुला भाऊ नाय, चंद्राला ओवाळ. मी नाय ओवाळलं. माझा भाऊ हाय, मी कशाला चंद्राला ओवाळू?" इतक्या वर्षांत दर भाऊबीजेला ती एक पाट मांडत आली होती, रिकामाच.

गाडी माझ्या वेंधळेपणाने चुकली, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पानवाली भेटणं हा योगायोग असेल, तसंही असेल. मला एवढंच कळतं, की मी हात टेकले तेव्हा कुणीतरी ते धरले. अजूनही मी कामं लिहून काढते, स्वभाव कुठे जातो? पण दिवा लावताना आता आधी देवीला विचारते, आणि त्या विचारण्यात जीव असतो. त्या बाईचे आणि देवीचे उपकार मला वेगवेगळे मोजता येत नाहीत.

त्या दुपारी बायने आतून तबक आणवलं, निरांजन लावलं आणि माझ्या हातातल्या फोनला ओवाळलं. मग कुंकवाचं बोट पडद्यावर टेकवलं. तिकडे अमरावतीला, वहिनी सांगते, वडिलांनी टोपी मागून घेतली, डोक्यावर ठेवली आणि कपाळ पुढे केलं.