गाडीवरचा करंट

कुठलंही यंत्र दुरुस्तीला आलं की मिस्तरी आधी पाना-पकड हातात घ्यायचे नाहीत. गळ्यात अडकवलेला चामडी कव्हरचा ट्रान्झिस्टर काढायचे, काटा दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर आणायचे आणि तो यंत्राजवळ धरून डोळे मिटायचे. रेडिओ शांत राहिला तर मान डोलवायचे. त्याला घरघर लागली तर डोळे उघडून म्हणायचे, "ऐका. मानूस खोटं बोलंल, रेडू न्हाई बोलनार."

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. आमचे मिस्तरी माजलगावात, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पत्र्याच्या शेडात बसायचे. उसाच्या ट्रकांचे डायनामो भरणं, हॉर्न-दिवे जोडणं हा त्यांचा धंदा. मी तेव्हा एका धर्मादाय संस्थेच्या फिरत्या दवाखान्यावर ईसीजी काढायच्या कामाला होतो. फिरता दवाखाना म्हणजे एक ट्रकच. मागे पत्र्याची खोली, आत एक बाक, औषधांचं कपाट, पंखा आणि बाकाखालच्या लाकडी खोक्यात बसवून आलेला इन्व्हर्टर. वडवणीचा बाजार, तलवाडा, मग परत माजलगाव, असं आमचं आठवडाभर चालायचं.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. घरोघर रंगीत टीव्ही आले होते आणि त्याच वेळी वीज मात्र दिवसातून चारदा जायची. ज्याच्याकडे ट्रक त्याला वाटायचं, आपल्या घरी विजेची विहीरच आहे. तलवाड्याच्या एका मालकानं पोरीच्या लग्नाची कॅसेट सगळ्या गल्लीला दाखवायची म्हणून नवा टीव्ही ट्रकच्या इन्व्हर्टरला जोडला. मिस्तरींनी नको म्हणून सांगितलं होतं. नवरीच्या तोंडावर आडवे पट्टे आले, मग नवरा हिरवा झाला आणि अक्षता पडायच्या आत टीव्हीच्या पाठीतून धूर निघाला. मालक दुसऱ्या दिवशी टीव्ही खांद्यावर घेऊन शेडात हजर.

"कावून जोडला बे?" मिस्तरी म्हणाले. "दिवा म्हंजे घरचा मानूस. कायबी वाढा, खातो. पंखा जरा कुरकुर करून खातो. पन ह्या नव्या मशिनी जावई हायत. जावयाला शिळं वाढू न्हाई."

हे जावयाचं बोलणं मी पन्नासदा तरी ऐकलं असेल. एकदा त्यांनी मला शेडातल्या धुळीत बोटानं काढून दाखवलं. आधी एक गोल गोल लाट काढली. "हा खांबावरचा करंट. झोक्यावानी जातो, झोक्यावानी येतो." मग शेजारी चौकोनी पायऱ्या काढल्या. "आन् हा तुमच्या गाडीवरचा. जिन्यावरून पोतं ढकलल्यावानी. दिव्याला कळत न्हाई, पन तुमच्या मशिनीचं काळीज लई नाजूक हाय. ती लोकांचं काळीज बघती का पोत्याचा धडधडाट बघती, तुमाला तरी कळंल का?"

मी हसलो होतो. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला त्यांच्याही आधी कळलं होतं. ईसीजीच्या मशीनच्या पोटात तिची स्वतःची बॅटरी असते. आमची बॅटरी मेली होती. मी संस्थेच्या सचिवांना चिठ्ठी पाठवली, तर उत्तर आलं, "गाडीत इन्व्हर्टर बसवलेला आहे ना? तो कशासाठी आहे?" मी दुसरी चिठ्ठी पाठवली. तिसरी पाठवली नाही. मशीन इन्व्हर्टरवर लावली की कागदाच्या पट्टीवरची रेघ बाजरीच्या कणसासारखी केसाळ यायची. पण मशीनवर फिल्टरचं एक बटण होतं. ते दाबलं की रेघ गुळगुळीत. आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी एकदा बजावलं होतं, "जपून रे. ते बटण घाणीबरोबर खरंही पुसतं." मी हो म्हणालो आणि बटण दाबत राहिलो. रांग मोठी असायची आणि रेघ साफ आली की कुणी काही विचारायचं नाही.

मिस्तरी मात्र विचारायचे. गाडी सर्व्हिसला गेली की पहिला प्रश्न तोच.

"बॅटरी आली का न्हाई, साहेब?"

"येतेय, येतेय."

"वरच्या सायबाला सांगा, जावई उपाशी हाय म्हनावं."

एका बाजारच्या दिवशी माजलगावच्या मोंढ्यात आमची गाडी लागली होती. वीज गेलेली, पन्नासेक माणसं उन्हात उभी. त्यात मिस्तरी आणि त्यांची बायको. एरवी हा माणूस चालताना दहा जणांना हाका मारणारा. त्या दिवशी तो गप्प होता आणि शर्ट पाठीला चिकटला होता.

वहिनी म्हणाल्या, "भाऊ, दोन दिस झाले, छाती दाबल्यावानी होतंय म्हनतेत. वरून शेडात जातेतच. ह्यांची नीट पट्टी काढा."

"गॅस हाय," मिस्तरी म्हणाले. "हिला उगं घोर लागलाय."

घड्याळ, चष्मा, किल्ल्या काढून ठेवायला मी सगळ्यांनाच सांगायचो. त्यांनाही सांगितलं. त्यांनी गळ्यातला ट्रान्झिस्टर काढून वहिनींच्या हातात दिला आणि वहिनी तो घेऊन खाली जाऊन उभ्या राहिल्या. मला तेव्हा बरं वाटलं, हे मला आजही पक्कं आठवतं.

ते बाकावर आडवे झाले. मी छातीला मशीनच्या रबरी वाट्या लावत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "कशावर काढताव?"

"बॅटरीवर. नवी आली."

"आली का? बरं झालं." मग थोडा वेळ कान देऊन, "मंग ही बाकाखालची घरघर कशाची?"

"पंख्याची."

"पंख्याला चालंल," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

मी का खोटं बोललो? खरं सांगितलं असतं तर ते ताडकन उठले असते, बाहेरच्या रांगेसमोर मला चार शब्द सुनावले असते, आणि ते बरोबर ठरले असते. मला लाज वाटली असती. एवढंच. याहून मोठं कारण मी इतकी वर्षं शोधतोय, सापडत नाही. मी बटण दाबलं. रेघ साफ आली.

डॉक्टरांनी पट्टी पाहिली, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा पाहिली. "यात तर विशेष दिसत नाही. पण छाती दाबते म्हणताय, घामही आहे. एकदा बीडला जाऊन परत काढून घ्या. उद्याच जा."

मिस्तरींनी पट्टी हातात घेतली. रेघेवरून अंगठ्याचं नख फिरवत शेवटपर्यंत नेलं. "लई साफ हाय," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. संशयानं नव्हे, कौतुकानं. "बघा, जावयाला ताजं वाढलं का न्हाई कसं काम होतं."

डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले होते. मी म्हणू शकलो असतो, मिस्तरी, बीडला जाच. मी फक्त वाट्या पुसत राहिलो. त्यांनी पट्टीची नीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि हळूहळू पायऱ्या उतरून गेले.

चौथ्या दिवशी ते शेडातच गेले. ट्रकच्या चाकाला पाठ टेकून बसलेले, हातात वायर. त्या ट्रकच्या ड्रायव्हरला वाटलं, रेडिओ ऐकताहेत.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चांगली पट्टी असती तरी दिसलंच असतं असं नाही. आणि दिसलं नसतं असंही नाही." त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. पुढच्याच आठवड्यात संस्थेनं बॅटरी पाठवली, कुणी पुन्हा न मागता.

तेराव्यानंतर आम्ही तलवाड्याहून परतताना मी त्यांच्या घरी गेलो. ड्रायव्हर गाडी वळवायला पुढे गेला. घरात देवळीत ट्रान्झिस्टर ठेवलेला होता आणि त्यावर बारीक आवाजात भजन चालू होतं.

"बंद ठिवला का घर खायला उठतंय," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी डब्यातून ती पट्टी काढली. घडीवर तेलाचा डाग होता. "भाऊ, मी लई मागं लागले होते बीडला चला म्हनून. पिशवी बी भरली होती. तर मला म्हनले, येडी हायस का, आपल्या साहेबानं नव्या बॅटरीवर काढलीय, दुसरीकडं कोन कशावर काढीन काय ठाव." त्यांनी पट्टी माझ्यापुढे धरली. "ह्याच्यात खरंच काय नव्हतं का?"

मी पट्टी हातात घेतली. रेघ तशीच गुळगुळीत होती.

तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी दाराशी आणून लावली. मागच्या खोलीतला पंखा चालूच होता. देवळीतलं भजन चिरकलं आणि ट्रान्झिस्टरला घरघर लागली, सगळं घर भरून.

वहिनींनी वळून पाहिलं. "ह्याला काय झालं आता?"

मी पट्टी त्यांच्या हातात परत दिली, बाहेर गेलो आणि ड्रायव्हरला इन्व्हर्टर बंद करायला सांगितलं. आत भजन पुन्हा साफ लागलं. मी परत आत गेलो नाही.