जपून मिस्त्री

जपून मिस्त्री पहिल्यांदा आमच्या घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. हातातली पिशवी खाली न ठेवता त्यांनी वर बघितलं, ओट्यावरचं लांब कपाट या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं आणि हळूच मला म्हणाले, "ताई, आधी आईंना बाहेर घ्या." आई ओट्याशी उभी राहून चहाचं आधण ठेवत होती. मिस्त्रींचा चेहरा असा काही उतरला होता, की मी कारण न विचारता गॅस बंद केला आणि आईला दंडाला धरून बाहेरच्या खोलीत आणून बसवलं. लाकडाला इतका घाबरणारा सुतार मी तोवर पाहिला नव्हता.

त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नसावं. चिंचपोकळी स्टेशनच्या बाजूला एका चाळीखालच्या गाळ्यात ते काम करत. फोन उचलला की "जय भीम, बोला," आणि ठेवताना "बरं, जपून." शिडी धरणाऱ्याला जपून, ट्रेमधून पाणी आणणाऱ्याला जपून. लालबाग-परळच्या इमारतींमधून त्यांना याच नावाने ओळखत आणि मागे थोडं हसतही. नवं किचन ते करून देत नसत. कुणी कितीही गळ घातली तरी नाही. जुनं, मोडकं, कुणी हात लावायला तयार नसलेलं असलं तरच ते यायचे.

आमचं तसंच होतं. वीसेक वर्षांपूर्वी बाबांनी हौसेने बसवून घेतलेलं, फिक्या पोपटी सनमायक्याचं. बाबा गेले, ते बनवणारं दुकानही बंद झालं. मग वरच्या मजल्यावरचं पाणी भिंतीत झिरपू लागलं. प्लाय फुगलं, एक दार एकाच बिजागरीवर लोंबकळायला लागलं आणि एके दिवशी भांडी पुसताना मला दिसलं, की अख्खं कपाट भिंतीपासून बोटभर पुढे आलं आहे. दादरच्या दोन दुकानदारांनी येऊन पाहिलं. दोघांचं म्हणणं एकच, सगळं काढून टाका, नवीन करा. तेवढे पैसे नव्हते हे खरंच. पण माझी भीती पैशांची नव्हती.

आईला काचबिंदू होता. तिची नजर कडेकडेने विझत चालली होती आणि उरलेलीही राहील असं डॉक्टर म्हणत नव्हते. ती स्वयंपाक करायची तो हाताच्या ओळखीवर. तिसऱ्या दारामागे डाळी, खालच्या ट्रॉलीत पोहे-रवा, डावीकडे मीठ-मसाला. मी ऑफिसात असताना दुपारी फोन वाजला की आधी घरचा नंबर तर नाही ना, ते बघायचे. नवं किचन केलं असतं तर ती आपल्याच घरात परकी झाली असती. आणि नाही केलं तर ते कपाट बरोबर तिच्या डोक्यावर होतं.

हे सगळं मी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी एकेका दाराची मूठ चाचपून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे जुळवायचं ते डोळ्याला नाही, हाताला."

त्या दिवशी त्यांनी कपाटातला डबान् डबा आम्हाला खाली काढायला लावला आणि ओट्यावर दोन जाड टेकू उभे करून कपाट तोलून धरलं. सामान जमेपर्यंत आईने आत जायचं नाही, असं बजावलं. आम्ही चार दिवस खाणावळीचा डबा खाल्ला. आई चिडली होती. मी मात्र आत जरा खुट्ट वाजलं की धावत होते.

जुळवण्याची त्यांची रीत साधी होती. बाजारात मिळत नाही ते आधी त्याच घरात शोधायचं. फ्रिजमागे कपाटाची एक बाजू होती, कुणाला न दिसणारी, म्हणून तिचा पोपटी रंग कोरा राहिला होता. मिस्त्री म्हणाले, ती फळी काढून फुगलेल्या दाराच्या जागी लावू, फ्रिजमागे कसलंही साधं प्लाय चालेल. सिंकखालची बिजागरी वर, वरची घासून खाली. फक्त दोन मुठी तुटल्या होत्या, त्यांना जोड मिळेना. मिस्त्री मोडीत निघालेल्या किचनांचे भाग आणून ठेवत. त्यातल्या सहा-सात मुठी ते घेऊन आले आणि आईसमोर बसून एकेक तिच्या हातात देऊ लागले. मला त्यातल्या दोन तर अगदी आमच्यासारख्याच वाटल्या. आईने बोटं फिरवली आणि मान हलवली. मनापासून बोलायची वेळ आली की ती मालवणीवर यायची. "ह्यां आपलां न्हय," ती म्हणाली. मिस्त्रींनी वाद घातला नाही. दोन दिवसांनी गिरगावात एका उतरवलेल्या किचनातून आणखी मुठी आणल्या. तिसरी हातात घेताच आईची बोटं थांबली. तिने ती परत दिलीच नाही, मांडीवर धरून बसली.

त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, नवं काम का घेत नाही? आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. त्यांनी आधी तिकडे पाहून घेतलं, मग सांगितलं. पूर्वी ते नवीच किचनं बसवायचे, हाताखाली माणसं होती. गणपतीच्या तोंडावर हिंदमाताजवळ एका घरात घाईघाईने काम उरकलं. भिंत पोकळ लागली तेव्हा लांब स्क्रू आणायला हवे होते, ते आणले नाहीत. आठ महिन्यांनी भरलेलं कपाट खाली आलं. घरची बाई वाचली, पण तिचा उजवा हात कोपरातून कायमचा आखडला.

"तिने पोलिसांत नाही दिलं," मिस्त्री म्हणाले. "दिलं असतं तर बरं झालं असतं."

त्यानंतर जिथे जिथे त्यांनी किचन बसवलं होतं, त्या प्रत्येक घरी ते परत गेले. दीड वर्ष त्यातच गेलं. दार वाजवायचं आणि सांगायचं, तुमच्या कपाटाचे स्क्रू तपासायला आलोय, फुकट. काही लोकांनी आत घेतलं. बऱ्याच जणांनी ओळखलं, की याच्या कामात काहीतरी खोट आहे, आणि ते चारचौघांत बोलत सुटले. कामं आटली, माणसं सोडून गेली. एका घरात खरंच तीन स्क्रू सैल निघाले. ते घट्ट करताना आपल्याला उलटी झाली होती, असं त्यांनी मला जमिनीकडे बघत सांगितलं.

कपाट उतरवायच्या दिवशी मी रजा घेतली होती. मिस्त्रींनी कुजलेले स्क्रू एकामागून एक काढले. शेवटचा निघाला तेव्हा कपाटाचा सगळा भार दोन टेकूंवर आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर होता. दुसरं टोक धरायला मला बोलवायचं ठरलं होतं. तेवढ्यात दाराची बेल वाजली. डबेवाली आली होती. मी तिच्याकडून डबा घेऊन वळले आणि आईची खुर्ची रिकामी दिसली.

ती स्वयंपाकघरात होती. चार दिवस तिने कसेबसे काढले होते. ती ओट्यापाशी गेली होती आणि तिच्या हाताला तिथे कधीच नसलेलं काहीतरी लागलं होतं. तिने टेकू मुठीत धरला होता आणि तो बाजूला सारायला ती खेचत होती. मी दारात उभी होते. मला हाक मारायची होती, पण मारली नाही. ओरडले तर ती दचकेल, एवढंच डोक्यात होतं.

मिस्त्रींचा चेहरा पांढरा पडला होता, घाम हनुवटीवरून गळत होता. पण त्यांचा आवाज मात्र दुपारच्या चहाला बोलावं तसा आला. "आई, बरं झालं आलात. तो दांडा असाच घट्ट धरून ठेवा. हलवू नका. मला एक हात कमीच पडत होता."

आईने टेकू दोन्ही हातांनी धरला. मी भिंतीला घासत पुढे गेले, एका हाताने टेकू धरला, दुसऱ्याने तिची बोटं सोडवली आणि तिला मागे सारलं. ती हॉलमध्ये पोचल्याची खात्री झाल्यावरच मिस्त्रींनी मला दुसरं टोक धरायला सांगितलं. कपाट इंचाइंचाने खाली आलं. मग ते तिथेच फरशीवर बसले. त्यांचे हात इतके कापत होते, की पाण्याचा पेला मला त्यांच्या तोंडाला लावावा लागला.

आईने बाहेरूनच विचारलं, "घाबरलात काय हो मिस्त्री?"

"रोजच घाबरतो, आई," ते म्हणाले.

किचन पुढच्या आठवड्यात पुरं झालं. बारकाईने पाहिलं तर एक दार जरा जास्तच पोपटी दिसे, पण आईचा हात पहिल्याच फेरीत डाळीवर गेला. मिस्त्री मग दर पाच-सहा महिन्यांनी स्वतःहून येत, कपाटाला खालून तळवा लावून बघत आणि चहा पिऊन जात.

शेवटचे आले तेव्हा आईची नजर पूर्ण गेली होती. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून ते गाळा बंद करून बदलापूरला मुलीकडे राहायला निघाले होते. आईने त्यांच्यासाठी चहा केला. ती लायटर शोधत होती, ज्योतीवर भांडं सरकवत होती, आणि मी प्रत्येक वेळी पुढे होऊन, आई, थांब, आई, मी करते, म्हणत होते. मिस्त्री खुर्चीतून उठले नाहीत. पण त्यांची बोटं खुर्चीच्या कडेला आवळलेली मला दिसत होती.

लिफ्टपाशी सोडायला गेले तेव्हा ते म्हणाले, "ताई, भीती आपण बाळगायची. ती त्यांच्या हातात द्यायची नाही. हात कापायला लागला की माणूस आंधळा होतो."

मागच्या वर्षी त्यांच्या मुलीचा फोन आला, बाबा गेले म्हणून. आईला सांगितलं तेव्हा ती ओट्याला टेकली आणि मग भाजी चिरायला बसली.

सकाळी मी ऑफिसला निघते तेव्हा ती आत असते. लायटरची टकटक ऐकू येते, गॅस पेटल्याचा भपकन आवाज येतो. भीती मला आजही तेवढीच वाटते. मी चपला घालते, येते गं, म्हणते आणि दार ओढून घेते.