डिकीतला डबा

माझं काम काउंटरवर. फोन घ्यायचे, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं आणि साहेबांचं डोकं फिरलं की मुकाट ऐकून घ्यायचं. गाड्यांच्या काचा बदलणाऱ्या या वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं हेच करतेय. तेव्हा मिलिमीटरकाकांबद्दल मी बोलत असताना कुणी मध्ये तोंड घालू नये.

हे नाव त्यांना सगळ्यांनी मिळून दिलेलं. माणूसच तसा. काच बसवली की चारही कोपरे मोजणार, मग पुन्हा मोजणार. पूर्वी तेवढ्यावर काम संपायचं. फार तर पाणी गळायचं, गिऱ्हाईक येऊन शिव्या घालायचं, झालं. आता पुढच्या काचेला आतून कॅमेरा असतो. तो रस्त्यावरचे पट्टे बघतो, पुढची गाडी बघतो आणि तुमचं लक्ष नसलं तर स्वतःच ब्रेक मारतो. काच बदलली की त्याला सरळ बघायला नव्यानं शिकवावं लागतं. जमीन सपाट हवी, चाकांत हवा बरोबर हवी, समोर मोजून ठेवलेला काळापांढरा फळा, मधल्या फरशीवर काहीही नको आणि गाडी रिकामी हवी. दीड तास जातो. साहेब दर दहा मिनिटांनी येऊन विचारणार, "झालं का?"

काकांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. कंबर आधीच निवृत्त झाली होती. खुर्चीत बसताना "आई गं" म्हणायचे, उठताना तेवढंही त्राण नसायचं.

एका मंगळवारी एक शिक्षिकाबाई आल्या. चार दिवसांपूर्वी त्यांच्या गाडीची काच आम्ही बदललेली. म्हणाल्या, "तुमचा हत्यारांचा डबा माझ्या डिकीत राहिलाय. म्हणजे होता. सकाळी दोघा शेजाऱ्यांनी मिळून घरी उतरवला, केवढा जड! कुणाला तरी न्यायला पाठवा. आणि हो, चार दिवस गाडी छान चालली. आज येताना मात्र मोकळ्या रस्त्यात कचकन आपोआप ब्रेक लागला. मागचा ट्रक अगदी टेकता टेकता राहिला हो."

याच डब्यासाठी काकांनी चार दिवस वर्कशॉप डोक्यावर घेतलं होतं. "गाडीला डब्याची सवय लागली असेल," कुणीतरी म्हणालं आणि सगळे खिदळले. मीही हसले, खोटं कशाला सांगू?

काका हसले नाहीत. त्यांनी बाईंकडून किल्ली घेतली, रिकामी गाडी फळ्यासमोर लावली आणि दीड तास खपून कॅमेरा पुन्हा लावला. मग साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"चूक माझी आहे, साहेब. डबा डिकीत असताना कॅमेरा लावला. गाडी मागून दबलेली, पुढून उचललेली, कॅमेऱ्याला तेच सरळ वाटलं. डबा निघाला आणि त्याची नजर खाली गेली."

"आता लावलात ना नीट? मग विषय संपला."

"ही एकच गाडी नाही. डबा फरशीवर ठेवता येत नाही, स्टोअरपर्यंत उचलून न्यायला कंबर साथ देत नाही. पाच महिने प्रत्येक गाडीच्या डिकीत ठेवतोय. काम झालं की काढून घेतो. या वेळी विसरलो, म्हणून कळलं."

मला त्यांचा असा राग आला! मिलिमीटर मोजत आयुष्य काढलं आणि डिकीचं ध्यानात येऊ नये? आणि रडूही आलं. डबा आत नेऊन देतो असं आमच्यापैकी एकानंही कधी म्हटलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "कुणाची तक्रार आलीय? झाकली मूठ सव्वा लाखाची. सात महिने गप्प काढा, सन्मानानं घरी जा. बोभाटा केलात तर मला तुम्हाला काढावं लागेल."

काका बाहेर आले. "यादी काढ गं."

अडतीस गाड्या निघाल्या. मी म्हटलं, "काका, मोफत तपासणी आहे, एवढंच सांगू या."

"मोफत म्हटलं की लोक पुढच्या महिन्यावर ढकलतात. खरं सांगितलं तर येतील."

मी नंबर लावायचे, ते बोलायचे. "काच मीच बसवली होती. कॅमेरा चुकीचा लागलाय, चूक माझी. येईपर्यंत तो आपोआप ब्रेकचा पर्याय बंद ठेवा." कुणी आभार मानले, एकानं आईवरून शिवी दिली. काका "बरोबर आहे तुमचं" म्हणाले.

साहेब येऊन उभे राहिले. "उद्यापासून येऊ नका."

"उद्यापासून या गाड्या येणार," काका म्हणाले. "त्यांचे कॅमेरे कोण लावणार?"

हे काम येणारं दुसरं कुणी नव्हतंच. साहेब आल्या पावली परत गेले.

तीन आठवडे गाड्या येत राहिल्या. काका प्रत्येक वेळी डबा स्टोअरमध्ये नेऊन ठेवायचे. मी उचलू लागले की म्हणायचे, "तुझा फोन वाजतोय." शेवटची गाडी शुक्रवारी चार वाजता गेली. साडेचारला साहेबांनी त्यांच्या हातात पत्र ठेवलं.

ते घेऊन काका माझ्याकडे आले. म्हणाले, "सदतीस झाल्या. त्या निळ्या गाडीवाल्याशी फोनवर बोलणं काही झालं नाही. तू लावत राहा."

रोज सकाळी लावते. वाजतो, कुणी उचलत नाही.