गोधडीचं पोट

दिग्रसच्या बाजारातले शिंपी गिऱ्हाइकाशी कसेही बोलोत, मैनाबाई दुकानापुढे उभी राहिली की मुकाट्यानं वाकतात आणि मशीनखालून कातरणाचं बोचकं ओढून काढतात. एखाद्यानं चिंध्या उकिरड्यावर टाकल्याचं कळलं, तर ती भर बाजारात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. ब्लाउजच्या बाह्यांचे तुकडे, शाळेच्या गणवेशाच्या पट्ट्या, कुठल्याशा नवरीच्या घागऱ्याची उरलेली किनार, तिला सगळं चालतं. खाली-वर जुनं लुगडं, मध्ये हा सारा पसारा, आणि त्यावर हातशिलाईचे टाके.

या गोधड्या ती विकत नाही. थंडी पडली की गावाबाहेरच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये जाते आणि हंगामाला आलेल्या मजुरांच्या लेकरांना वाटते. बाया दिवसभर कापूस उचलतात, लेकरं तिथंच कडेला बारदान्यावर निजलेली असतात. जिथं कापसाचे डोंगर लागतात तिथंच लेकरानं कुडकुडावं, याचा तिला भयंकर राग येतो. राग आला की ती शिवायला बसते. "आई, हे घर हाय का भंगाराचं दुकान?" असं सून मोनाली विचारते, आणि मग स्वतःच दोरा ओवून देते. सासूचा मोतीबिंदू वाढलाय आणि सुईचं नाक तिला दिसत नाही, हे तिला ठाऊक आहे.

मैनाबाईची एक रीत आहे, तिच्या सासूकडून आलेली. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी त्यात थोडी ज्वारी ठेवायची. उपाशी गोधडी ऊब देत नाही, असं सासू म्हणायची. तिचं पोट भरलं तर पांघरणाऱ्याचंही भरतं. मैनाबाई देवधर्माच्या फार नादी लागत नाही, पण दाणे ठेवल्याशिवाय तिनं आजवर एकही कोपरा शिवला नव्हता.

यंदाची शेवटची गोधडी निळ्या चौकड्यांची होती, कोपरा तेवढा लाल. शिवून होत आली आणि पाहते तर डब्यातली ज्वारी संपलेली. दळणाला दिली असणार. मैनाबाईला कुठला धीर! स्टुलावर चढून तिनं माळ्यावरच्या अंधारात हात घातला. एक पिशवी लागली, दाणे चाचपले तर ज्वारीच. मूठभर पदरात घेतली, कोपऱ्यात ओतली, टाके घातले आणि पदर अंगणात झटकला. तळहात गुलाबी झाला होता. लाल कापड कच्च्या रंगाचं निघालं की हात रंगतातच, तिचे तर रोजच रंगतात. "मेल्यानं कच्चा रंग विकला," म्हणून शिंप्याला दोन शिव्या घातल्या, हात धुतला आणि गोधड्यांचं गाठोडं घेऊन ती जिनिंगला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात कोंबडी मरून पडलेली. मोनालीनं तिच्याजवळचे दाणे उचलून उजेडात धरले. गुलाबी.

"आई, माळ्यावरच्या बियाण्याले कोनं हात लावला? ह्यायनं पेरणीतून उरलेलं वर ठेवलं होतं. औषध लावेल हाय ते."

आपल्याकडे शेतातल्या जहरालाही औषधच म्हणतात. मैनाबाईनं आपला हात पाहिला. नखांच्या कडेला तो रंग अजून होता.

"माय वं," एवढंच ती म्हणाली आणि अनवाणी निघाली.

कोणाला दिली ती गोधडी? वाटभर तिला दुसरं काही सुचलं नाही. शेवटी शिवली म्हणजे गाठोड्यात सगळ्यात वर होती. वरची पहिल्यांदा दिली. पहिल्यांदा दिली ती लालीबाईला. पुसदकडच्या तांड्यावरची ही कोवळी लेकुरवाळी, मैनाबाईला 'याडी' म्हणायची, म्हणजे आई. तिच्या तान्ह्या मुलीला दात येत होते. गोधडी हातात पडताच पोरीनं तो लाल कोपरा तोंडात घातला होता. आतले टणक दाणे हिरड्यांना बरे वाटत असणार. सगळ्या बाया हसल्या होत्या. मैनाबाईही हसली होती. ते आठवलं आणि ती पळत सुटली.

फाटकावर चौकीदार शंकरसिंग आडवा आला. "आजी, कालच तं येऊन गेली तू. आज मालक हाय, कोनाले सोडू नको म्हनलं."

"बाजूले सर. नाई सरला तं हे पाप तुह्याही डोक्यावर बसन."

तिचा चेहरा पाहून तो सरला.

शेडमध्ये पोर निजली होती. कोपरा तिच्या मुठीत होता, लाळेनं भिजून काळपट झालेला.

लालीबाई खुशीत होती. "याडी, रातभर रडली नाई वं. हा कोपरा चावत चावत झोपली, ते आजून उठली नाई."

अजून उठली नाही! मैनाबाईच्या तोंडून निघालं ते भलतंच. "एक टाका राह्यला हाय. दे इकडं." लालीबाईनं हळूच मूठ सोडवून गोधडी दिली. आता ती घेऊन चालतं व्हायचं, की झालं. कोणाला काही कळणार नव्हतं. पोरीला काही झालंच, तर थंडीनं झालं म्हणतील. आणि खरं सांगितलं तर या गावात तिच्या हातची गोधडी कोणी पायपुसण्यालाही घेणार नाही. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. माणूसच ती. ती दोन पावलं चाललीही.

मागे पोर झोपेत खोकली.

"लाली, उठव तिले." मैनाबाई वळून ओरडली. "ह्या कोपऱ्यात जहर हाय. म्या टाकलं. माह्या हातानं."

लालीबाईनं पोरीला असं उचललं की पोर किंचाळून जागी झाली. ते किंचाळणं ऐकून मैनाबाईला रडूच फुटलं.

शंकरसिंगनंच ऑटो थांबवला. दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीचं तोंड धुतलं, डोळे पाहिले, छातीला नळी लावली. कोपरा उसवून दाणे काढले आणि कापडाचे थर बोटांनी मोजल्यासारखे चाळले. कापड जाड आहे, फार काही पोटात गेलं नसावं, म्हणाले, पण संध्याकाळपर्यंत इथंच ठेवा, नजर हटवू नका.

दोघी बाकावर बसल्या, मध्ये पोर. लालीबाई तिच्या तोंडावरून नजर हलवत नव्हती. पोर जरा पेंगली की तिला हलवायची. दुपार कलल्यावर म्हणाली, "बाई, ते दाने तुमी सोता खाल्ले असते काय?"

याडी नाही, बाई. साऱ्या बाजाराला पुरून उरणारी मैनाबाई मान खाली घालून बसली. कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी पोरीनं भुकेनं भोकाड पसरलं आणि आईच्या छातीला लुचू लागली. डॉक्टर हसले, न्या म्हणाले. लालीबाईनं पोरीला आपल्या पदरात गुंडाळलं आणि मागे न बघता गेली. गोधडी बाकावरच राहिली.

"झालं गेलं, आई," मोनालीनं समजावलं. "आता ते दाने-बिने टाकनं सोडा." बोलणं काही चुकीचं नव्हतं. पण मैनाबाईनं दुसरी गोधडी शिवायला घेतली, तीन कोपरे बंद केले आणि चौथा उघडा ठेवून, पदराला ज्वारी बांधून एका सकाळी जिनिंगला गेली.

शेडमधल्या एकीनं आपलं लेकरू जवळ ओढलं. मैनाबाई लालीबाईसमोर उन्हात बसली. गाठ सोडून पांढरीशुभ्र ज्वारी तळहातावर घेतली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि त्यातली निम्मी तोंडात टाकली. दाढा पडलेल्या, दाणे कोरडे. चावता चावता डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं शेवटचा दाणा गिळेपर्यंत सुईला हात लावला नाही. कोणी हसलं नाही. मग उरलेले दाणे कोपऱ्यात ओतून तिनं टाके घातले आणि गोधडी पुढे केली.

लालीबाईनं कोपरा चाचपला. बराच वेळ चाचपला. मग निजलेल्या पोरीवर गोधडी पसरली, थबकली, आणि पुन्हा उचलून उलटी फिरवली, दाण्यांचा कोपरा पायाकडे येईल अशी.

"याडी," ती मैनाबाईकडे न बघता म्हणाली, "रातच्याला हिचे पाय उघडे पडते."

"हो," मैनाबाई म्हणाली, आणि तिनं गोधडी पोरीच्या पायाखाली नीट खोचून दिली.