आटलेल्या पाण्यातलं पोवळं

मी चौथीपर्यंत शिकलेलो. समुद्र अजून बघितलेला न्हाई. तरी खटकचिंचोळीत माझ्या घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती आणि तिच्यात जिवंत पोवळं होतं. पोरगा हैदराबादला नोकरीला. त्याचा साहेब परदेशी निघाला आणि टाकी ह्याच्या गळ्यात मारून गेला. पोराच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून ती आमच्याकडं आली. पोवळं दगडासारखं टणक, झुडपासारख्या फांद्यांचं, पण वरून पातळ जिवंत कातडं. ते बायकोनं वाढवलं. मी नुसता बघत बसायचो.

ती वारली आणि टाकी माझ्या अंगावर पडली, स्वैपाकासकट. मला दोन्हीतलं काही येत नव्हतं.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी आटायचं. मी बादलीत टाकीचं खास मीठ कालवून भर घालायचो. खाऱ्याच्या जागी खारं, अजून काय पाहिजे? पण पोवळ्याचं कातडं बुडाकडून सुटायला लागलं, आतलं पांढरं हाड दिसायला लागलं. पोराला फोन केला.

"अप्पा, लई नाजूक असतंय ते. तुमच्यानं व्हायचं न्हाई. रविवारी येतो, घेऊन जातो. इथं एकजण सांभाळतो म्हणालाय."

"तुझ्या आईचं हाय ते. हात लावून तर बघ."

बोललो खरं, पण पोवळं मरायलंय हे मलाबी दिसत होतं. बायको वाचली न्हाई. हेबी गेलं असतं तर त्या घरात बघायला काय उरलं असतं?

शनिवारी शेजारची अक्का भाकरी घेऊन आली. माझं वरण चाखून तिनं तोंड वाकडं केलं.

"अण्णा, मीठ कामून एवढं?"

"आटलं होतं. पाणी घातलं, मीठ घातलं."

"आटल्यावर पाणी जातंय, मीठ कुठं जातंय? जलमभर आयतं खाल्लाव, दुसरं काय!"

मी ताट तसंच टाकून टाकीकडं पळालो. पाण्यातलं मीठ बघायची एक नळी होती, बायको ती डोळ्याला लावायची. मी कपाटात घालून ठेवली होती. काढून बघितलं तर रेघ पार वर चढलेली. पोराला फोन लावून सांगितलं, तर तो ओरडला, "एकदम गोडं पाणी ओतू नका, धक्क्यानं मरंल! थोडं थोडं!"

मग बसलो. तांब्याभर खारं काढायचं, तेवढंच फिल्टरचं गोडं घालायचं, थांबायचं. रविवारी पोरगा पोवळं न्यायला डबे घेऊन आला, रेघ बघितली आणि माझ्या हातातला तांब्या घेतला. डबे रिकामेच परत गेले.

पावसाळ्यात हाडावर कातडं चढलं, शेंडे जांभळे झाले. पोरानं तिकडं लहानशी टाकी घेतली.

"अप्पा, एक फांदी तोडून द्या की. फांदीपासून नवं पोवळं वाढतंय."

तोडायला हात होईना. पण दिली. आईचं काहीतरी त्याच्याबी घरात वाढू दे.