निळ्या पंपाचा फवारा

सुदाम गेल्याचा फोन आला तेव्हा मी गेवराईजवळच्या आमच्या जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या गाडीचं वजन घेत होतो. तासाभरापूर्वीच त्याला दवाखान्यात पाठवलं होतं. "गेला," एवढंच पलीकडून कुणीतरी म्हणालं. समोर टेबलावर त्याचा दम्याचा निळा पंप तसाच पडला होता...

सुदाम माझा शाळेपासूनचा मित्र. वीस वर्षं तो सरकी काढणाऱ्या यंत्रापाशी उभा राहिला. रुईची धूळ छातीत गेली की गूळ खायचा, ही आमच्याकडची रीत. गुळानं दमा जात असता तर डॉक्टर कशाला लागले असते! पंपाच्या तोंडात धूळ जाते म्हणून तो पंप माझ्या टेबलावर ठेवायचा. धाप लागली की यायचा, दोन दम ओढायचा आणि छाती मोकळी होईस्तोवर माझ्या खुर्चीत बसून वर मलाच कामचुकार म्हणायचा. डॉक्टरांनी रोज घ्यायला दुसराही पंप दिला होता, आतली सूज कमी करणारा. तो यानं महिन्यात सोडला. "त्यानं काईच कळत न्हाई. ह्यो निळा बघ, लगेच नळ्या सैल करतो." चार-पाच तासांचा तो आराम. त्यालाच तो बरं होणं समजला, आणि मीही.

जायच्या दोन दिवस आधी, शनिवारी, तो म्हणाला, "ह्यो संपत आला वाटतं. बाजारात जाऊन नवा आणतो." मी शहाणा ना! पंप कानाशी हलवला, खिडकीकडं धरून दाबला. भस्सकन फवारा निघाला. "भरलेला हाय की बे! कशाला हेलपाटा मारतोस? बस, च्या पी." तो बसला. "तू म्हंतोस तर ऱ्हाऊ दे," म्हणाला.

सोमवारी माझ्यासमोर त्यानं तो पंप दहा वेळा तरी दाबला. दर वेळी फवारा येत होता, श्वास येत नव्हता.

तेराव्यानंतर मी पंप घेऊन त्याच्या डॉक्टरांशी भांडायला गेलो. टेबलावर आदळला. "पंप भरलेला होता, मग माणूस गेला कसा?" त्यांनी शांतपणे विचारलं, किती दिवस वापरला? मी सांगितलं. "दोनशेच्या आसपास दम झाले की औषध संपतं. आत गॅस उरतो. फवारा तसाच येतो, हलवला तर आवाजही होतो." पुढं ते काय बोलले, मला आठवत नाही.

परवा सुदामच्या घरी गेलो होतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमी व्हते म्हणून त्यांना लई आधार व्हता." मी मान खाली घालून चहा प्यायलो. वहिनींना वाचता येत नाही. पण हे ज्यात छापून येईल ती पेपरची पुरवणी त्यांची लेक त्यांना वाचून दाखवते... दाखवू दे. तोंडानं सांगायची हिंमत माझ्यात नाही.

पंप अजून माझ्या टेबलावरच आहे. रोज त्यावर धूळ बसते, रोज मी पुसतो. काल पुसताना पंप दाबला गेला. अजूनही फवारा येतो.