सव्वादोनच्या बांगड्या

रूपा माझी धाकटी सून. शिंदखेड्याकडच्या आमच्या गावात ती बारा वर्षांपासून आशाताई आहे. कोणाला दिवस गेले हे तिला कधी कधी त्या बाईच्या नवऱ्याच्या आधी कळतं. ती गल्लीत शिरली की नव्या सुना घरात पळतात, कारण ही आली म्हणजे विचारणार, लाल गोळी घेतली का, दाखव पाकीट. एका घरी त्या गोळ्या तुळशीच्या कुंडीत पुरलेल्या सापडल्या. "तुळशीचं रक्त वाढलं असेल," मी म्हटलं. रूपा हसली नाही. तेव्हा मला वाटायचं, या पोरीला थट्टाच कळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आखाजीच्या सणाला डिंपल माहेरी आली. डिंपल म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या सुंदरबाईची लेक, फैजपूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून सातव्यात आणली. रूपा दुसऱ्याच दिवशी गेली.

"कार्ड कुठंय तुझं?"

"सासरी राहिलं, वहिनी."

साड्या आल्या होत्या, उशी आली होती, मोबाईलचा चार्जर आला होता. कार्ड तेवढं राहिलं. रूपाने फैजपूरच्या आशाताईचा नंबर मिळवला. कळलं की सहाव्यापर्यंत सगळं ठीक होतं, पुढे तपासायला डिंपल गेलीच नाही.

पंधरा दिवसांनी रूपा पाहते तर डिंपल बापाच्या चपला घालून अंगणात फिरत होती. स्वतःच्या पायात शिरत नव्हत्या. रूपाने घोट्यावर अंगठा दाबला, तर खळगा तसाच राहिला.

"मावशी, हिला उपकेंद्रात आणा. बीपी बघू द्या."

"ऊन काय पडेल शे बाहेर! पोर भोवळ येईसन पडी जाई," सुंदरबाई म्हणाली.

उपकेंद्र गावातच, शाळेच्या मागे. आणि दुसऱ्या दिवशी मायलेकी सकाळच्या बसने धुळ्याला गेल्या, ओटभरणाची हिरवी साडी घ्यायला. तीन दुकानं फिरून दिवस मावळायला परत आल्या. धुळ्यात त्या दिवशी ऊन नसावं.

मग रूपाने नर्सबाईंनाच त्या घरी नेलं. नर्सबाईंनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा बांधला. लघवी तपासली. म्हणाल्या, "बीपी वाढलंय. आजच दवाखान्यात न्या. आई आणि बाळ दोघांना धोका आहे."

तो मंगळवार होता. ओटभरण गुरुवारी होतं.

"शंभर लोकेसले सांगेल शे," सुंदरबाई म्हणाली. "शुक्रवारे जाऊत ना. मी कुठे नई म्हणस?"

डिंपलचा बाप सुकदेव ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "दोन दिनमा काय व्हई जाई?"

रूपा त्या दोन दिवसांत चार वेळा गेली. पहिल्यांदा समजावलं, दुसऱ्यांदा हात जोडले. तिसऱ्यांदा सुंदरबाईने तिला चहासुद्धा विचारला नाही. चौथ्या वेळी दाराशीच म्हणाली, "काय व रूपा, तुले मन्या पोरीनं चांगलं देखवत नई का?" रूपा घरी येऊन पीठ मळायला बसली, आणि पिठावर असे बुक्के मारले की मी परात धरून ठेवली.

"जाऊ दे," मी म्हटलं.

"कुठे जाऊ देऊ?" ती म्हणाली.

गुरुवारी बायांनी घर भरलं. डिंपल पाटावर बसली होती, अंगावर हिरवी साडी, केसांत गजरे. तोंड चांगलं गोल झालेलं. एक म्हणाली, "तेज बघा कसं आलंय!" दुसरी म्हणाली, "माहेरचं पाणी लागलं." मीही बोलून गेले, "छान अंगावर आलीस व पोरी." रूपा समोर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. घरच्या माणसाने असं बोललेलं तिला किती लागलं असेल ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. दोन दिवस ती रोज माझ्यासमोर तेच सांगत होती की ही तब्येत नाही, ही सूज आहे.

बांगड्या भरायला तोताराम कासार आला. सत्तरीचा माणूस. गावातल्या एकूण एक बाईचं माप त्याला तोंडपाठ. त्याने सव्वादोनच्या हिरव्या बांगड्या काढल्या, डिंपलचा हात हातात घेतला, साबण लावला, दाबला. बांगडी बोटांच्या मुळाशी अडकली. त्याने ती काढून अडीचची घेतली. तीही शिरेना. जिथे त्याने दाबलं तिथे त्याच्या बोटांचे ठसे उमटून राहिले होते.

"सुंदरअक्का," तो म्हणाला, "आखाजीले याच हातमा मी सव्वादोन भरेल शेतस. महिनाबी नई व्हयना. हाऊ हात भरेल नई शे. सुजेल शे." आणि बांगड्या दोऱ्यात ओवायला लागला. "मी नई भरावू."

मग डिंपल हळूच म्हणाली, "माय, सकाळपासून डोकं ठणकतंय. डोळ्यांपुढे चमकतंय."

"सकाळपासून!" रूपा ओरडली. "आणि आता सांगतेस?"

"कार्यक्रम होता ना, वहिनी."

सुंदरबाईचा चेहरा उतरला होता, तरी ती म्हणाली, "नारळ तरी पदरमा टाकू द्या." तेव्हा माझ्या सुनेने बारा वर्षांत पहिल्यांदा कोणाच्या घरात आवाज चढवला. "मावशी, तुम्ही नारळ घेऊन मागून या!" असं म्हणून तिने डिंपलला पाटावरून उठवलं आणि गजऱ्यांसकट सुकदेवच्या पिकअपमध्ये बसवलं. सुकदेवला चावी सापडेना, ती त्याच्याच खिशात होती.

शिंदखेड्याला इंजेक्शन देऊन तिला लगेच धुळ्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी पोट फाडून मुलगी काढली. आठवा नुकता लागलेला. वजन दीड किलो. डिंपलला तीन दिवस अंधुक दिसत होतं, पण ती वाचली. बाळ काचेच्या पेटीत होतं, मग डॉक्टरांनी ते आईच्या उघड्या छातीवर बांधायला सांगितलं, आईची ऊब मिळावी म्हणून. आई थकली की जावई छातीवर घ्यायचा. तो ललित, केळीच्या गाड्या भरणारा दांडगा गडी, श्वाससुद्धा जपून घेत बसायचा असं रूपा सांगत होती.

महिन्याने बाळ गावात आलं. आणि गावात काय बोललं गेलं? तोतारामने पोर वाचवली. तोतारामला सुंदरबाईने टोपी-उपरणं दिलं. तो भला माणूस, तो म्हणत राहिला, "अरे, रूपाबाई आधीपासून सांगी राहिनी व्हती," पण ते कोणाच्या कानात शिरलं नाही. उलट दोघीतिघी म्हणाल्या, रूपाने ओटी अर्धी सोडवली म्हणून पोर लहान झाली.

एवढं होऊनही सुंदरबाईने बाजेखाली शेगडी पेटवली, खोली धुराने भरली, आणि रूपा वजनकाटा घेऊन गेली तर दार लोटलं. बाळाचं वजन केलं की नजर लागते म्हणे. रूपा दोनदा परत आली. तिसऱ्यांदा मी बरोबर गेले.

"सुंदर," मी म्हटलं, "माझं पहिलं पोर पाचव्या दिवशी गेलं. त्याचं वजन कोणी केलं नव्हतं. मग कोणाची नजर लागली?"

ती दारातून बाजूला झाली. रूपाने आधी शेगडी अंगणात काढली, मग बाळाला झोळीत ठेवून काटा उचलला. सुंदरबाई कुजबुजली, "मोठ्याने सांगू नको."

"दोन किलो शंभर!" रूपा इतक्या मोठ्याने म्हणाली की शेजारची भिंतीवरून डोकावली. डिंपल रडायलाच लागली.

"आते झालं ना?" सुंदरबाई पदराने डोळे पुसत म्हणाली. "आते परत नको येऊ."

"आठ दिवसांनी येते," रूपा म्हणाली आणि काट्याची दोरी गुंडाळायला लागली.